शिल्पाभ्यासाला हवे वेळेचे पाठबळ

मुंबई उपनगर जिल्हा म्हटला की गिरण्या, वसाहती आणि लोहमार्ग डोळ्यांसमोर येतात. परंतु याच भूमीत, बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. जवळच मंडपेश्वर आहे. अंधेरी परिसरात जोगेश्वरी आणि महाकाली, अर्थात कोंदिवटे, ही लेणी आहेत. शिल्पाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानास वा कलावंतास येथे एक संपूर्ण विद्यापीठच खुले आहे.

या विद्यापीठात अभ्यासाचे विषय विपुल आहेत. कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दात्यांची दांपत्ये कोरलेली असून त्याच्या व्हरांड्यात बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या दोन मूर्ती आहेत. एक्केचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आढळतो. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात इ. स. 1009 व 1021 मधील पहलवी लेख आहेत. कोंदिवट्याच्या चैत्यगृहात स्तूपाभोवती जाळीच्या खिडक्या असलेली वर्तुळाकार खोली आहे. सहाव्या शतकातील जोगेश्वरीच्या लेण्यात शिवपार्वतीच्या द्यूताचे शिल्प आहे, तर मंडपेश्वर येथे नृत्यमग्न शिव आहे.

काळाशी स्पर्धा

मात्र या शिल्पांना खडकाच्या स्वभावाची मर्यादा आहे. जोगेश्वरीचा खडक ज्वालामुखीच्या राखेत लहानमोठे खडे बांधले जाऊन बनलेला आहे. त्यातील कठीण व मऊ भाग सारख्या गतीने झिजत नाहीत. पाणी झिरपले की मऊ भाग आधी सुटतो. त्यामुळे येथील अनेक मूर्तींचे चेहरे व हात आज नुसत्या आकारापुरते उरले आहेत. प्रत्येक पावसाळ्यागणिक काही रेषा पुसल्या जातात. संरक्षणाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. परंतु संरक्षणाने झीज मंदावते. ती पूर्णपणे थांबत नाही. म्हणूनच मोजमापे, रेखाटने, छायाचित्रे आणि शिलालेखांचे ठसे आज घेऊन ठेवणे अगत्याचे ठरते.

हे काम एका भेटीत होत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात दिसणारी कोर दुपारी दिसत नाही. एखाद्या मूर्तीचे बदललेले आयुध किंवा नंतर भरलेली बाजू ध्यानात येण्यास ऋतूमागून ऋतू जावे लागतात. अभ्यासकाला पुन्हा पुन्हा यावे लागते. उपजीविकेची चिंता असेल, तर हे येणे थांबते. अधिछात्रवृत्तीचे खरे मूल्य येथे आहे.

एक जुना वस्तुपाठ

याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास बोलावून घेतले व लेण्यांतील लेखांच्या नकला घेण्यासाठी देशभर पाठविले. भाऊ दाजी 1874 मध्ये निधन पावेपर्यंत हे पाठबळ सुरू होते. पुढे 1881 मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासह भगवानलालांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. कान्हेरीच्या लेखांवरील डॉ. शोभना गोखले यांचा ग्रंथ 1991 मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाकडून प्रसिद्ध झाला. तोही दीर्घ परिश्रमांचेच फळ होय.

आजच्या योजना

केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजनेत 25 ते 40 वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी दरमहा 10,000 रुपयांची कनिष्ठ, तर 40 वर्षांवरील व्यक्तींसाठी दरमहा 20,000 रुपयांची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. मुदत दोन वर्षांची आहे. दृश्यकलांबरोबर पुराभिलेख व भारतविद्या यांसारख्या विषयांतही संशोधन-प्रकल्प मांडता येतो. प्रशिक्षण, परिसंवाद किंवा आत्मचरित्रलेखन यांसाठी ही वृत्ती नाही. 18 ते 25 वयोगटातील तरुण कलावंतांना दरमहा 5,000 रुपयांची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. या योजनांची व्यवस्था सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र पाहते. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाच्या सूचना पाहून घ्याव्यात.

अर्जात विषयाची व्याप्ती जेवढी मर्यादित, तेवढे काम सिद्धीस जाण्याचा संभव अधिक. ‘मुंबईची लेणी’ यापेक्षा ‘जोगेश्वरीतील द्वारपाल : मापन व रेखाटन’ हा प्रस्ताव अधिक विश्वासार्ह ठरतो. संरक्षित स्मारकात काम करण्यासाठी आवश्यक ती परवानगीही आधीच घ्यावी लागते.

गावाचा वाटा

ही गोष्ट उपनगरापुरती नाही. राज्यातील असंख्य गावांत वीरगळ, सतीशिळा आणि भग्न मूर्ती देवळाबाहेर किंवा बांधावर पडून आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची जागा, माप व छायाचित्र यांची नोंदवही करून घ्यावी. ग्रामपंचायतीने दगडांवर रंग वा सिमेंट चढू देऊ नये आणि ते जागेवरून हलवू नयेत. अशा नोंदीतूनच उद्याच्या अभ्यासकाला विषय सापडेल. अधिछात्रवृत्ती त्याला वेळ देईल; पण अभ्यासासाठी दगड शाबूत राखणे हे गावाच्याच हाती आहे.