पावसाळ्यावर खाटेचा उतारा

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या सात गृहिणींनी चाळीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. हाच पुढचा ‘लिज्जत’ पापड.

पैशांपेक्षा मोठी अडचण निघाली मुंबईच्या पावसाची. पापड वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी बायकांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! व्यवस्थापनाच्या जाड पुस्तकांत इतका स्वस्त तोडगा क्वचितच सापडेल.

एक मोहही होता, स्वस्तातला हलका पापडही विकण्याचा. पण त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी दर्जाशी तडजोड नको, असे बजावले. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली.