दागिन्यांची नावे आणि सोनाराची परिभाषा

मराठी स्त्रियांच्या पारंपरिक अलंकारांत पुतळ्यांच्या माळेस मोठा मान आहे. आजच्या पुतळीवर बहुधा लक्ष्मीची किंवा रामसीतेची आकृती ठसविलेली असते. तीवरूनच दागिन्यास हे नाव पडले असावे, असे पाहणारा सहज म्हणेल. ही व्युत्पत्ती अर्धी खरी आहे. नावाचा उगम आकृतीत आहे हे बरोबर. परंतु ती आकृती मुळात लक्ष्मीची नव्हे. ‘पुतळी’ हे व्हेनिसच्या डकॅट नामक सुवर्णनाण्याचे या देशात रूढ झालेले नाव होय.

हे नाणे १२८४ मध्ये प्रथम पाडले गेले. त्याच्या एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा व्हेनिसचा अधिपती, तर दुसऱ्या बाजूस तारकांच्या कोंदणात उभा ख्रिस्त अशी चित्रे असत. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने जवळजवळ शुद्ध. शतकानुशतके त्यात लक्षणीय फरक पडला नाही, म्हणून समुद्रमार्गे आलेल्या या परक्या नाण्यावर येथील सराफांचा विश्वास बसला. नाण्यावरची लॅटिन अक्षरे येथे कोणी वाचणार नव्हते. डोळ्यांस दिसल्या त्या माणसांच्या मूर्ती, आणि नाव पडले ‘पुतळी’. तमिळ मुलखात तीच आकृती निराळ्या रीतीने वाचली गेली. मधली ध्वजकाठी म्हणजे ताडाचे झाड आणि अधिपती म्हणजे त्यावर चढणारा ताडी काढणारा, असे समजून तेथे या नाण्यास ‘शाणार काशु’ म्हणू लागले. एकाच धातूच्या चकतीस दोन भाषिक समाजांनी आपापल्या अनुभवातून नाव दिले, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

१७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक लयास गेले. नाण्याच्या नकला मात्र भारतात होत राहिल्या आणि दागिन्यासाठी ठसा कोरणाऱ्या कारागिराने परक्या संताच्या जागी ओळखीची देवता आणली. शब्द तसाच राहिला व नव्या आकृतीसही तो चपखल बसल्यामुळे आत काही बदलले आहे याचा संशयही कोणास आला नाही. ‘तोळा’ या शब्दाचे असेच झाले आहे. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम भरे. महाराष्ट्रातील सराफ पेठेत आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक व्यवहारातून गेले, पण तोळा हे नाव अढळ आहे.

आकारावरून पडलेल्या नावांविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. बोरमाळ, चिंचपेटी, कोल्हापुरी साजातील कारले व जवमणी ही नावे आपला अर्थ स्वतःच सांगतात. शेतीवाडीची दृष्टी त्यांतून दिसते इतकेच. बुगडीचा प्रकार वेगळा आहे. कानाच्या वरच्या पाळीत घालावयाच्या या दागिन्यास कन्नडात ‘बुगुडि’ म्हणतात. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या असल्याने त्यात नवल नाही. ‘बाजूबंद’ फारसीतून आला, ‘ताईत’ अरबी ‘तावीज’चे मराठी रूप आहे.

नथीचा विचार मात्र थोडा थांबून करावयास हवा. संस्कृतात ‘नस्त’ म्हणजे नाक; ‘नस्तित’, ‘नस्योत’ हे शब्द नाकात दोरी ओवलेल्या बैलासाठी अमरकोशात आले आहेत. हिंदीत बैलाच्या वेसणीस ‘नाथ’ व स्त्रीच्या दागिन्यास ‘नथ’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत. प्राचीन शिल्पांत नाकातील अलंकार आढळत नाही, ही गोष्ट परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्या संशोधकांनी साधार चर्चिली आहे. शब्द आधी जनावराच्या संदर्भात आणि अलंकार मागाहून, हा क्रम अभिमानाने नथ मिरविणाऱ्यांस रुचणार नाही. परंतु शब्दांचा इतिहास रुचीची पर्वा करीत नाही.

दागिन्यांची नावे गिऱ्हाइकाच्या तोंडी असतात, म्हणून ती टिकतात. कारागिराच्या परिभाषेस तो आधार नाही. नरहरी सोनाराच्या सुप्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, कातरी, ताजवा ही हत्यारे-साधने रूपकासाठी एकत्र आली आहेत. अभंग मौखिक परंपरेने आलेला असल्याने त्यातील प्रत्येक रूप नामदेवकालीन धरणे धोक्याचे आहे. तरीही सोनाराच्या दुकानाचे इतके नेटके शब्दचित्र जुन्या मराठीत दुसरे दाखविणे कठीण. यांपैकी ‘मूस’ वाक्प्रचारात शिरल्याने वाचली. ‘कसोटी’ तर मूळचा सोने घासून पाहण्याचा दगड विसरून क्रिकेटच्या मैदानावर जाऊन पोहोचली. ‘बागेसरी’ म्हणजे सोनाराची शेगडी, हे आज पदव्युत्तर वर्गातही सांगावे लागते.

या ऱ्हासास यंत्रे कारणीभूत आहेतच, पण ती एकटी नव्हेत. जानेवारी १९६३ मधील सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली, तेव्हा अनेक सुवर्णकारांना वडिलोपार्जित धंदा सोडावा लागला. पुढे नियम सैल झाले. १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्दही झाला. तथापि मधल्या काळात ज्या मुलाने बापाच्या हाताखाली फुंकणी धरली नाही, त्याच्यापर्यंत ते शब्द पोहोचले नाहीत. आज शहरांतील सराफ पेठांत बंगालमधून आलेले कारागीर मोठ्या संख्येने काम करतात आणि त्यांच्या कामाची भाषा साहजिकच बंगाली-हिंदी आहे. त्यांच्या बोलीत येथील कोणते मराठी शब्द शिरले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) बरीच शब्दसंपत्ती जतन केली आहे. परंतु कोशांतील अशा नोंदी पुष्कळदा ‘सोनाराचे एक हत्यार’ किंवा ‘एक अलंकार’ एवढ्यावर थांबतात. हत्यार कोणत्या हातात धरतात, पत्र्यावर ठसा उमटल्यावर पोकळीत लाख केव्हा भरतात, त्या क्रियेस कोणते क्रियापद लावतात, हे नोंदीत नसते. आणि नामापेक्षा क्रियापदच आधी नाहीसे होते. हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावी किंवा कोल्हापुरातील गुजरीत जाणाऱ्या अभ्यासकाने म्हणून नावांची यादी विचारू नये. काम चालू असताना शेजारी बसावे, हाताची प्रत्येक हालचाल पाहावी आणि ‘आता काय केलेत?’ एवढेच विचारावे.