हीटर पेटत नाही? आधी ठोके ऐका

उत्तर नॉर्वेत किंवा आल्प्सच्या घाटांत हिवाळ्यात फिरणाऱ्या कॅम्पर व्हॅनमध्ये, बहुधा पुढच्या सीटखाली, फूटभर लांबीचं एक यंत्र बसवलेलं असतं. त्याचं नाव डिझेल पार्किंग हीटर. इंजिन बंद असताना टाकीतलं थोडं थोडं डिझेल जाळून ते रात्रभर आतली हवा उबदार ठेवतं. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे असे हीटर ट्रकचालक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. पुढे त्याच धर्तीचे स्वस्त चिनी हीटर बाजारात आले आणि हौसेनं स्वतःची व्हॅन बांधणाऱ्यांनाही ते परवडू लागले.

हीटर पेटला नाही की पडद्यावर एक एरर कोड येतो, आणि बरेच जण लगेच नवा पंप नाहीतर नवा ग्लो प्लग मागवतात. ही घाई टाळली पाहिजे. कोड लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. ज्योत लागली नाही, एवढंच कंट्रोलरला कळलेलं असतं. ती का लागली नाही, हे आगीच्या तीन गरजांकडे पाहून आपणच शोधायचं असतं: उष्णता, इंधन आणि हवा.

या यंत्रात हवेचे दोन मार्ग असतात आणि ते कुठेही एकत्र येत नाहीत. एका मार्गानं बाहेरची हवा ज्वलनकक्षात जाते आणि धूर होऊन एक्झॉस्टच्या पाइपातून बाहेरच पडते. दुसऱ्या मार्गानं व्हॅनमधली हवा तापलेल्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवरून फिरून परत आत येते. पंपाच्या स्टोव्हला आधी काकडा लावून बर्नर तापवावा लागे, कारण गार बर्नरवर रॉकेलची वाफ होत नाही. इथे काकड्याचं काम ग्लो प्लग करतो. तो लालबुंद होतो, त्याच्याभोवतीच्या बारीक जाळीवर आलेल्या डिझेलची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते.

आधी मल्टिमीटर

तपासणी विजेपासून सुरू करावी, कारण ती फुकटात होते. सुरुवातीची काही मिनिटं ग्लो प्लग आणि पंखा मिळून 8 ते 10 अँपिअर ओढतात. एकदा ज्योत स्थिर झाली की एखाद्या अँपिअरवर काम भागतं. बॅटरी हीटरपासून पाच मीटर अंतरावर असेल, तर वायरची जाऊन-येऊन लांबी दहा मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या भाषेत ‘दीडच्या’ वायरीत, 10 अँपिअरला एक व्होल्टहून थोडं जास्तच वाटेत खर्च होतं. तीच वायर ‘सहाची’ घेतली तर जेमतेम 0.3 व्होल्ट जातात. भार असताना बॅटरी 11.6 व्होल्टवर असेल, तर बारीक वायरीतून हीटरपर्यंत 10.5 च्या आसपासच पोहोचतात, आणि बहुतेक हीटर तिथेच हात टेकतात. शिवाय उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं घटते. 12 ऐवजी 10.5 व्होल्ट मिळाले, तर ग्लो प्लगची जवळपास चौथाई उष्णता गेलीच. म्हणून व्होल्टेज बॅटरीवर नव्हे, तर हीटरच्या कनेक्टरवर, आणि तेही ग्लो प्लग चालू असताना मोजावं. सैल फ्यूजधारक आणि गंजलेलं अर्थिंग इथेच पकडलं जातं.

सात मिलिमीटरचा बुडबुडा

आता कान द्यायचा. टाकीजवळचा छोटा पंप टक्-टक् करत असतो. लहान हीटरचा पंप दर ठोक्याला साधारण 0.022 मिलिलिटर डिझेल पुढे ढकलतो. सेकंदाला दोन ठोके धरले तर तासाला सुमारे 160 मिलिलिटर होतं. लिटरभर डिझेलात 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते, त्या हिशेबानं ही दीड किलोवॅटची ऊब झाली.

एवढं बारीक माप असल्यामुळेच नळीतला बुडबुडा फार महत्त्वाचा ठरतो. दोन मिलिमीटर पोकळीच्या नळीत सात मिलिमीटर लांबीचा बुडबुडा म्हणजे बरोबर एक ठोका डिझेल कमी. सात सेंटिमीटर हवा असेल तर दहा ठोके वाया गेले, म्हणजे पाच सेकंद ज्योतीला काहीच मिळालं नाही. तेवढ्यात ती विझते. नळ्या जोडणाऱ्या रबरी तुकड्याच्या आत नळीची दोन टोकं एकमेकांना भिडलेली नसली, क्लॅम्प सैल असला किंवा पंप आडवा बसवलेला असला, तर बुडबुडे साचत राहतात. पंपाचं पुढचं तोंड किमान 15 अंश वर असावं, म्हणजे हवा अडकत नाही. नळी पारदर्शक असेल तर टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनीच खात्री करता येते.

ठोके आणि धूर एकत्र वाचले की निदान सोपं होतं. ठोकेच ऐकू येत नसतील, तर दोष विजेत आहे. ठोके आहेत पण धूर नाही, तर डिझेल पोहोचत नाही. ठोके आहेत आणि पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोहोचून त्याची वाफ होते आहे, पण ती पेट घेत नाही. मग ग्लो प्लग आणि त्याची जाळी तपासावी. धूर काळा असेल, तर हवा कमी पडते आहे. पंपावरच शंका असेल, तर हीटरकडची नळी सोडवून मापाच्या सिरिंजमध्ये धरावी आणि 500 ठोके मोजून द्यावेत. अशा पंपातून 11 मिलिलिटरच्या आसपास डिझेल यायला हवं.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलनं 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. पुण्या-मुंबईत भरलेल्या डिझेलवर तिथल्या हिवाळ्यात हीटर चालवायला जाऊ नये.

काजळी आणि उंची

तिसरी गरज हवेची. लिटरभर डिझेल पूर्ण जळायला समुद्रसपाटीवर सुमारे 10 घनमीटर हवा लागते. लेहमध्ये, 3,500 मीटरवर, हवेचा दाब सुमारे दोन तृतीयांश असतो. तिथे तेवढ्याच डिझेलला 15 घनमीटर हवा लागेल. पंखा त्याच वेगानं आणि पंप त्याच ठोक्यांनी चालत राहिला, तर उरलेल्या डिझेलची काजळी होते. त्यामुळे दीड हजार मीटरच्या वर जायचं असेल, तर दाब ओळखून ठोके कमी करणारा हीटर घ्यावा किंवा ठोक्यांची सेटिंग हातानं बदलावी.

सपाटीवरही काजळी होते, ती हीटर रात्रंदिवस मंद ठेवल्यामुळे. कक्षाच्या भिंती पुरेशा तापत नाहीत आणि ज्वलन अर्धवट राहतं. अधूनमधून 15-20 मिनिटं पूर्ण जोरात चालवलं, तर बरीचशी काजळी जळून जाते. बंद करताना मुख्य वीज तोडू नये. पंखा आणखी काही मिनिटं फिरून कक्ष थंड करतो. तो मध्येच थांबला तर उरलेली उष्णता सेन्सरला भाजते. एक्झॉस्टचा पाइप कुठे झोळासारखा लोंबत नाही ना, तेही पाहावं. लिटरभर डिझेल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, आणि ते झोळात साचून गोठलं तर वाटच बंद होते.

या सगळ्या तपासण्या सवडीनं करता येतात. एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून एक्झॉस्टचा प्रत्येक सांधा व्हॅनच्या तळाबाहेर असावा, धुराचं तोंड हवा घेणाऱ्या तोंडापासून दूर असावं आणि झोपायच्या जागेजवळ या वायूचा अलार्म असावा. अलार्म वाजला, आत धुराचा वास आला किंवा सगळ्यांचंच डोकं एकदम दुखू लागलं, तर कोड वाचत बसू नये. हीटर बंद करावा, दारं उघडावीत, सगळ्यांना बाहेर काढावं आणि दोष सापडेपर्यंत त्या हीटरवर एकही रात्र झोपू नये.