जंतूंचे जासूद

जंतू हा शब्द उच्चारताच पटकी, क्षय, विषमज्वर अशा रोगांची नावे मनात येतात. ह्या सूक्ष्म जीवांनी मानवजातीचे अपरिमित नुकसान केले आहे. म्हणून त्यांस शत्रू मानण्याची रीतच पडून गेली आहे. परंतु शत्रूच्या अंगीही एखादा गुण असू शकतो आणि तो हेरून कामी लावणे हे शहाण्याचे लक्षण होय. कर्करोगाशी झुंजणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी नेमके हेच कार्य आरंभिले आहे.

बाहेरून एखादा जंतू शरीरात शिरला, की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यास ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. कारण त्याची घडणच परकी असते. कर्करोगाचे तसे नाही. कर्करोगाची पेशी ही मूळची शरीराचीच पेशी. तिच्या जनुकांत बिघाड होतो आणि ती सारी शिस्त सोडून अनिर्बंध वाढू लागते. तिचा पेहराव मात्र पुष्कळसा घरच्यासारखाच राहतो. वेशीवरचा पहारा कितीही कडक असला, तरी गावातलाच माणूस फितूर झाल्यास पहारेकऱ्याने त्यास कसे ओळखावे? ती ओळख पटवून देऊन शरीराच्या रक्षकांस जागे करणे, ह्यालाच इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या द्वारे करावयाचा उपचार, असे म्हणतात.

ह्या कामी जंतूंचे साहाय्य घेण्याची कल्पना बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क येथील शल्यवैद्य विल्यम कोली ह्यांना रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळताना एक चमत्कारिक हकीकत आढळली. एका रोग्याच्या मानेवरील गाठ शस्त्रक्रिया करूनही पुनःपुन्हा वाढत होती. त्याला धावरे हा जंतुजन्य त्वचारोग झाला, मोठा ताप आला आणि त्यानंतर ती गाठ नाहीशी झाली. कोली ह्यांनी त्या माणसाचा शोध घेतला, तेव्हा वर्षे लोटूनही तो धडधाकट होता. 1891 साली त्यांनी दुसऱ्या एका रोग्याच्या गाठीत धावऱ्याचे जिवंत जंतू मुद्दाम टोचले. तो रोगी बरा झाला. परंतु जिवंत जंतूंचा भरवसा काय! काही रोगी त्या तापानेच दगावले. म्हणून कोली पुढे मारलेले जंतू वापरू लागले. गुण सर्वांना सारखा येईना, आणि क्षकिरणांचा उपचार पुढे आल्यावर ही पद्धत मागे पडली.

कल्पना मात्र मेली नाही. क्षयाची बी.सी.जी. ही लस दुबळ्या केलेल्या जंतूंपासून बनते. 1976 साली कॅनडातील डॉक्टर अल्वारो मोरालेस ह्यांनी ही लस मूत्राशयाच्या कर्करोगात वापरून तिचा गुण दाखविला. आजही त्या रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत तिचा उपयोग करतात.

जंतूचा गुण हवा, पण त्याचा उपद्रव नको, हा पेच सोडविण्यास उपयोगी पडणारी वस्तू जंतूंजवळच होती. 1967 साली कलकत्त्याच्या एस. एन. चटर्जी व जे. दास ह्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटकीच्या जंतूंचे निरीक्षण केले. जंतूच्या बाह्य आवरणास फुगवटे येतात आणि त्यांचे बुडबुड्यांसारखे गोलक सुटून बाहेर पडतात, असे त्यांस दिसले. ह्या गोलकांना पुटिका म्हणतात. त्यांचा आकार सुमारे 20 ते 250 नॅनोमीटर असतो. 100 नॅनोमीटरच्या 10,000 पुटिका शेजारी शेजारी मांडल्या, तर कोठे एक मिलिमीटर भरेल! जंतू ह्या पुटिकांतून प्रथिने, विषे, कधी जनुकांचे तुकडेही इतरत्र पाठवितात. जणू त्या जंतूंच्या जासूदच होत.

पुटिकेच्या अंगावर जंतूचाच पोशाख असल्यामुळे शरीराचे रक्षक तिला पाहताच सावध होतात. परंतु तिला जीव नाही. म्हणून ती जंतूप्रमाणे वाढू शकत नाही. 2017 साली दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी अशा पुटिका कर्करोग झालेल्या उंदरांस टोचल्या. त्या गाठींपर्यंत पोहोचल्या, तेथे प्रतिकारशक्ती जागी झाली आणि गाठी मावळल्या.

रक्षक जागे झाले, तरी फितुराची खूण त्यांस कळावयास हवी. ती खूण जनुकाच्या भाषेत लिहून पाठविता येते. पेशीत जनुकाची आज्ञा संदेशवाहक आर.एन.ए. नावाच्या धाग्यावर उतरते आणि त्या आज्ञेबरहुकूम प्रथिन तयार होते. 2022 साली बीजिंग येथील शास्त्रज्ञांनी जंतूंच्या जनुकांत बदल करून दोन नवी प्रथिने धारण करणाऱ्या पुटिका तयार केल्या. पहिले प्रथिन आर.एन.ए.चा धागा पुटिकेच्या पृष्ठभागावर घट्ट धरून ठेवते. दुसऱ्याचे काम निराळे. प्रहरी पेशी पुटिकेस गिळते, तेव्हा ती एका कोशात कोंडली जाते. लिस्टेरिया नावाचा जंतू अशा कोशास भोक पाडून निसटतो; त्याचेच प्रथिन येथे योजिले होते. त्यामुळे संदेश कोशातून सुटतो, प्रहरी पेशी कर्करोगाची खूण स्वतःच घडविते आणि ती टी पेशी नावाच्या लढवय्यांस दाखविते. ह्या प्रयोगात आतड्याचा कर्करोग असलेल्या उंदरांपैकी 37.5 टक्के उंदरांच्या गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. पुटिका आधी तयार ठेवून हवा तो संदेश तिला नंतर चिकटविता येतो. म्हणून प्रत्येक रोग्याच्या गाठीची खूण वाचून त्याच्यापुरती लस लवकर सिद्ध करता येईल, अशी आशा वाटते.

परंतु आशा म्हणजे सिद्धी नव्हे. पुटिकेच्या आवरणात जंतूचे अंतर्विष असते. त्याची मात्रा अधिक झाल्यास तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो व प्राणावरही बेतू शकते. ते विष सौम्य करण्यासाठी जंतूंची काही जनुके काढून टाकतात. मात्र ते अगदीच निस्तेज केले, तर रक्षकही जागे होत नाहीत. शिवाय सर्व पुटिका एकसारख्या बनविणे कठीण असते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूविरुद्ध पुटिकांची लस न्यूझीलंडमध्ये 2004 पासून हजारो मुलांस टोचण्यात आली, ही गोष्ट धीर देणारी आहे. तथापि कर्करोगाचा संदेश वाहणाऱ्या पुटिकांचे वर सांगितलेले यश उंदरांतील आहे. माणसांच्या नित्याच्या उपचारांत त्यांस अद्याप स्थान मिळालेले नाही.

उंदरास लागू पडलेले औषध माणसास लागू पडेलच असे नाही, हे शास्त्रज्ञ जाणतात. व्याधीने गांजलेल्या माणसास खोटी आशा दाखविणे हे क्रौर्य होय. आणि अवघड आहे म्हणून शोध सोडून देणे हेही क्रौर्यच होय. ह्या दोहोंच्या मधली वाट लांबची आहे. एकेक पाऊल पारखून टाकीत शास्त्र त्या वाटेने चालले आहे.