काचेचा घाम आणि दवबिंदू : मोटारीतील बाष्पासंबंधी काही विचार

पावसाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत मोटारीच्या काचा धूसर होतात, तेव्हा ‘काचेला घाम आला’ असे म्हटले जाते. शब्दप्रयोग चित्रदर्शी आहे. तथापि त्यात एक गृहीतक दडलेले आहे. घाम ज्याला येतो त्याच्याच अंगातून तो निघतो. साहजिकच ते पाणी काचेतून अथवा तिच्या फटीतून आले असावे, असा समज होतो आणि उपाय काच पुसण्यापुरताच उरतो. वस्तुतः ते पाणी हवेतील असते. हा भेद केवळ शब्दार्थाचा नव्हे. चालकाला समोरचा रस्ता दिसणे अथवा न दिसणे त्यावर अवलंबून असते.

घरातील दोन भांड्यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. मातीचा माठ बाहेरून ओला होतो, कारण त्याच्या सच्छिद्र अंगातून आतले पाणी पाझरते. बर्फाचे पाणी भरलेला तांब्याही बाहेरून ओला होतो. पण धातूतून पाणी पाझरत नाही. भोवतालच्या हवेतील अदृश्य बाष्प थंड पृष्ठभागाला स्पर्श करताच द्रवरूप होते. या क्रियेस संघनन म्हणतात. मोटारीची काच ही तांब्याच्या जातीची आहे, माठाच्या नव्हे.

हवेत किती बाष्प राहू शकेल, हे तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना साडेनऊ ग्रॅम, तर शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम बाष्प मावते. हवा निवत गेली असता ज्या तापमानाला ती संपृक्त होते, त्यास ‘दवबिंदू’ ही संज्ञा आहे. व्यवहारात मात्र ‘दवबिंदू’ म्हणजे गवतावर दिसणारा दवाचा थेंब. एकाच शब्दाला वस्तू आणि तापमान असे दोन अर्थ चिकटल्याने विद्यार्थ्यांचा घोटाळा होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात हा शब्द तापमान या अर्थीच योजिला आहे. नियम एवढाच की, काचेचे तापमान तिला लागून असलेल्या हवेच्या दवबिंदूखाली गेले, म्हणजे त्या बाजूवर पाणी धरते.

भिवंडी तालुक्यातील खारबावचे उदाहरण घेऊ. वसई–दिवा लोहमार्गावरील हे गाव खाडीच्या प्रदेशात असून चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते. पावसाळ्यात हवा २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. अशा वेळी भिजलेले चार प्रवासी मोटारीत बसले आणि पावसामुळे काचा वर केल्या, तर ओले कपडे, छत्र्या आणि श्वास यांमुळे आतील हवेचा दवबिंदू आणखी चढतो; पावसाने निवलेली काच आतून धुरकटते. एसी लावला की त्याच्या थंड नळ्यांवर आतील बाष्प साचून गाडीखाली ठिबकते आणि काच स्वच्छ होते. परंतु तोच गार झोत बराच काळ समोरच्या काचेवर राहिला, तर काच २५ अंशांखाली जाऊन बाहेरून धुरकटते. आता आतून कितीही पुसले तरी व्यर्थ. वायपर फिरवावा आणि झोत काचेवरून वळवावा अथवा तापमान वाढवावे. म्हणून पहिली कृती एकच : काचेवर आतून बोट फिरवून पाणी कोणत्या बाजूस आहे ते पाहणे.

खारबावला काचेवर बर्फ धरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण हीच क्रिया एक पायरी पुढे गेलेली पाहावयाची असेल, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरकडे वळावे लागते. तेथे वेण्णा तलावाच्या परिसरात, कडक हिवाळ्यातील निरभ्र रात्रींनंतर गवतावर आणि मोटारींच्या टपांवर हिमकण आढळतात. उघड्या आकाशाखाली टप व काच आपली उष्णता प्रारणाने गमावतात आणि भोवतालच्या हवेहूनही अधिक थंड होतात. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही त्यांवर बर्फ धरू शकतो.

आतील बाजूचा हिशेबही सोपा आहे. मोटारीच्या आत ३ घनमीटर हवा, तापमान २० अंश व आर्द्रता ६० टक्के धरल्यास त्या हवेत सुमारे ३१ ग्रॅम बाष्प असते. ती हवा शून्य अंशापर्यंत निवल्यास १५ ग्रॅमहून कमी बाष्प उरते; बाकीचे सुमारे १६ ग्रॅम पाणी काचांवर व पत्र्यावर बसते. तीन चमचे पाणी सर्व काचा आंधळ्या करण्यास पुरेसे आहे. गाडीत कोणी रात्रभर झोपल्यास श्वासाने त्यात सतत भर पडते आणि काच शून्याखाली गेल्यास आतूनही बर्फाचा थर धरतो.

यावरून उपायांची संगती लागते. रात्री गाडी बंद करण्यापूर्वी दारे काही मिनिटे उघडी ठेवून आतील दमट हवा जाऊ द्यावी. ओले मॅट, कपडे व छत्र्या काढाव्यात. गाडी छपराखाली अथवा झाडाखाली उभी करावी, किंवा काचेवर आच्छादन घालावे, म्हणजे ती उघड्या आकाशाला सामोरी राहत नाही. काच आतून स्वच्छ ठेवावी. तेलकट थरावर सूक्ष्म थेंब सुटे राहून धूसरपणा वाढतो. सकाळी आतलीच हवा फिरविणारी कळ बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि ती तापवून काचेवर सोडावी. थंड हवेत मुळातच बाष्प थोडे असते. ती तापली म्हणजे अधिक शोषक होते. एसीची जोड दिल्यास ती आणखी कोरडी होते. गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतू नये. अकस्मात तापण्याने काच तडकण्याचा धोका असतो. काच पुरती स्वच्छ होईपर्यंत गाडी हलवू नये, हे सांगणे नलगे.

सारांश, बाष्प कमी करणे आणि काच दवबिंदूच्या वर ठेवणे, या दोनच तत्त्वांत सर्व उपाय सामावतात. ‘घाम’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. लोकभाषा दिसणाऱ्या रूपाला नाव देते आणि ते तिचे काम आहे. मात्र नाव म्हणजे कारण नव्हे, हे ध्यानात ठेवणारा चालक फडके शोधण्यापूर्वी पाणी कोणत्या बाजूला आहे, हे पाहील.