तीन छिद्रांचे सॉकेट आणि भूसंपर्काचा आभास

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुका हा छत्तीसगड व मध्य प्रदेश यांच्या सीमेलगतचा, धानाचा आणि अरण्याचा प्रदेश होय. वैशाखात येथेही, अवघ्या विदर्भाप्रमाणे, पत्र्याचे कूलर सुरू होतात. पाणी, लोखंडी पत्रा आणि 230 व्होल्टची वीज ही तिन्ही या यंत्रात एकत्र नांदतात; कूलरचा धक्का बसून मृत्यू आल्याची वार्ता दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. याच दिवसांत जमीन कोरडी पडून भूसंपर्काचा, म्हणजे अर्थिंगचा, रोध वाढलेला असतो. संरक्षणाची गरज जेव्हा सर्वाधिक, तेव्हाच ते सर्वांत दुर्बल असते.

समजा, फेजची तार कूलरच्या पत्र्यास लागली आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 40 ओहम आहे. रोहित्राकडील रोध नगण्य मानल्यास वाहणारा प्रवाह 230 भागिले 40, म्हणजे सहा अँपिअरहूनही कमी. सोळा अँपिअरचा एम.सी.बी. याने पडत नाही. पत्रा मात्र जवळजवळ पूर्ण दाबावर उभा राहतो.

येथे आर.सी.सी.बी. उपयोगी पडतो. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तो तुलना करतो. तफावत 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत पुरवठा तोडणे हे घरगुती उपकरणाचे काम. पत्र्यावरील दाब 50 व्होल्टच्या आत राखावयाचा, तर 50 भागिले 0.03, म्हणजे सुमारे 1,667 ओहम इतका भूरोधही चालून जातो. कोरड्या जमिनीच्या प्रदेशात याचे मोल निराळे सांगावयास नको. अमेरिकेत बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या याच जातीच्या साधनास तेथे सॉकेटमध्येच स्थान मिळाले. आपल्याकडे ते बहुधा मुख्य फळ्यावर असते.

परंतु साधन खरे असेल तरच. सॉकेटसाठी आय.एस. 1293 व आर.सी.सी.बी.साठी आय.एस. 12640 ही मानके आहेत. आय.एस.आय. चिन्ह छापणे सोपे. म्हणून त्याखालील सीएम/एल क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर पडताळावा. नकली सॉकेटात पितळेऐवजी मुलामा दिलेले लोखंड असू शकते. संपर्कपट्टीस चुंबक चिकटल्यास संशय घ्यावा. स्प्रिंग पोलादी असणे मात्र दोष नव्हे.

याहून घातक दोष जोडणीत असतो. अर्थिंगची तार नसल्यामुळे वरच्या छिद्राची पट्टी न्यूट्रललाच जोडून देण्याची वाईट चाल आहे. साध्या तपासणीत सॉकेट निर्दोष भासते. मात्र न्यूट्रल मागे कोठे तुटली, की चालू उपकरणातून आलेली वीज थेट पत्र्यावर उतरते.

परीक्षा परवानाधारक तारतंत्रीनेच करावी. फेज व अर्थ यांमध्ये 15 वॅटचा दिवा लावला असता सुमारे 65 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आर.सी.सी.बी. तत्काळ पडला पाहिजे. तो पडला नाही आणि दिवाही लागला नाही, तर अर्थची तार तुटलेली आहे. दिवा लागूनही तो न पडल्यास दोन शक्यता उरतात: उपकरण सदोष, किंवा अर्थ न्यूट्रलला जोडलेली. मुख्य पुरवठा व आर.सी.सी.बी. दोन्ही बंद करून, सर्व उपकरणे काढून, मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ या छिद्रांमधील सातत्य मोजावे. ते आढळल्यास दुसरी शक्यता खरी.

चाचणीच्या बटणावर मात्र विसंबू नये. ते उपकरणाच्या आतच असमतोल निर्माण करते. म्हणून अर्थिंग मुळीच नसतानाही खरे उपकरण पडते. उलट, मुख्य पुरवठा बंद असताना आर.सी.सी.बी.चा खटका वर करून बटण दाबले आणि तो तरीही पडला, तर ते बटण केवळ यांत्रिक आहे. चाचणीचा प्रवाह विजेविना वाहूच शकत नाही. असे उपकरण फळ्यावरून काढून टाकावे.