तंजावरला रुजणारी परदेशी फुलं

तंजावरच्या हारांत दिसणारा निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. परदेशी फूल निवडताना रंगाआधी हवामान पाहावं, असं मला ठामपणे वाटतं. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी काही आठवडे कडक थंडी लागते. कावेरीच्या खोऱ्यात ती कुठून मिळणार? निशिगंधाला मात्र ऊन आणि ऊब हवी. अडचण पाण्याची. इथली माती बरीचशी चिकण, त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. साचलेल्या पाण्यात मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि कंद कुजतो. म्हणून वाफा उंच करावा किंवा तळाला भोक असलेली कुंडी घ्यावी, मातीत वाळू आणि शेणखत मिसळावं. देवचाफाही अमेरिका खंडातूनच आलेला. त्याची फांदी कापली की चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी, मगच लावावी.